पुण्यातल्या कुलगुरूंना, आरआरसी मेंबरांना आणि हॉस्पिटल मॅनेजमेंटला खुलं पत्र: पीएचडी करू द्या, पण आमच्याच प्रश्नावर

प्रति,
पुण्यातल्या सगळ्या विद्यापीठांचे कुलगुरू, पीएचडी सेक्शनमधली मंडळी, आरआरसीचे (म्हणजे पीएचडीचे विषय मंजूर करणाऱ्या कमिटीचे) सन्माननीय मेंबर, आणि हॉस्पिटलांच्या मॅनेजमेंटमधले मोठे लोक

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या न्यूरो रिहॅब ओपीडीत काम करते, लकव्याचे, डोक्याला मार लागलेले, मणक्याचे पेशंट बघते. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नोकरी आहे, घराचे हप्ते आहेत, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यातल्या बऱ्याच जणांना उद्या सकाळी परत गुड मॉर्निंग सर म्हणायचंय. माझ्यासारखे खूप जण आहेत, नर्सिंगवाले, ऑक्युपेशनल थेरपीवाले, डेंटिस्ट, वैद्य, डाएटिशियन, एमडी झालेले डॉक्टरसुद्धा, ज्यांना दहा-बारा वर्षं पेशंट बघितल्यावर एखादा प्रश्न पडतो आणि तो काही केल्या डोक्यातून जात नाही, मग वाटतं ह्याच्यावर नीट काम करावं, पीएचडी करावी, आणि मग आम्ही तुमच्या दारात येतो. तिथे पुढे काय होतं त्याबद्दल हे पत्र आहे.

थोडक्यात सांगायचं तर आम्ही प्रश्न घेऊन येतो तेव्हा तो चार-पाच विषयांत पसरलेला असतो, आणि तुमच्याकडून बाहेर पडतो तेव्हा एका विषयाच्या मापाचा करून दिलेला असतो, आणि त्या मापात ज्याच्यासाठी आलो तेच नेमकं उरलेलं नसतं.

माझाच प्रश्न सांगते. स्ट्रोकचा पेशंट डिस्चार्ज होतो, आम्ही सांगतो आठवड्यातून तीनदा या, पहिले तीन महिने वाया घालवू नका, सुधारणा सगळ्यात जोरात तेव्हाच होते. पहिले दोन आठवडे येतात, मग आठवड्यातून एकदा, मग बंद. का बंद? ओपीडीत याचं उत्तर ठरलेलं आहे, "मोटिव्हेशन नाही हो." फाईलवर पण तसंच लिहिलं जातं, पुअर कम्प्लायन्स, की विषय संपला.

कसबा पेठेतल्या एका काकांच्या घरी मी गेले होते. जुना वाडा, दुसरा मजला, लाकडी जिना इतका उभा की पायरीवर अख्खं पाऊल मावत नाही, आणि धरायला कठडा नाही, वर बांधून खाली सोडलेला दोर आहे, चढताना उजव्या हाताला. काकांची डावी बाजू गेलेली. चढताना ठीक आहे, चांगला हात दोराला, चांगला पाय आधी वर. उतरताना तोच दोर डाव्या हाताला येतो आणि डाव्या हातात पकडच नाही. आम्ही ओपीडीत शिकवतो ना, चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी, ते काकांना तोंडपाठ होतं, पण आमच्या ओपीडीतल्या सरावाच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडे आहेत आणि पायरी बुटकी आहे, त्यामुळे काका हॉस्पिटलमधे पास आणि घरी नापास. खाली उतरवायला दोन माणसं लागतात. मुलगा चाकणला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. सून चार घरी पोळ्या करते, ज्या दिवशी सासऱ्यांना आणायचं त्या दिवशी तिची दोन घरं बुडतात. तिने मला उभ्या उभ्या सगळा हिशोब सांगितला, रिक्षाचं जाऊन-येऊन, बुडालेली कामं, शेजारच्या मुलाला उतरवायला बोलावलं तर त्याचा चहापाणी, आणि मग म्हणाली, "मॅडम, तुमचे पैसे जास्त नाहीत हो, खाली उतरवायचेच जास्त होतात."

आता सांगा, हा कुठला विषय? स्नायूंची ताकद आणि तोल हा फिजिओचा. जिना हा आर्किटेक्चरचा, आणि वाड्याचा मालक-भाडेकरू वाद असला तर कायद्याचा. सुनेची बुडालेली मजुरी हा अर्थशास्त्राचा. घरात कुणाच्या वेळेला किंमत आहे आणि कुणाच्या नाही हा समाजशास्त्राचा. आपला आरोग्य विमा बहुतेक करून दाखल होण्याशी बांधलेला आहे, नंतर महिनोन्महिने लागणारी ओपीडीतली फिजिओथेरपी त्यात फारशी बसतच नाही, हा पब्लिक पॉलिसीचा. यातलं एकही बाजूला काढलं तर काका का येत नाहीत ते कळत नाही.

कुणी म्हणेल घरच्यांना शिकवा आणि घरीच व्यायाम करून घ्या. तेही करून बघितलंय, आणि ते आपल्याच देशात, अगदी नीट. अटेंड नावाची ट्रायल झाली, भारतातली १४ हॉस्पिटलं, १२५० स्ट्रोकचे पेशंट, घरच्यांना ट्रेनिंग देऊन घरी रिहॅब करायचं, २०१७ साली लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमधे छापून आली, आणि निकाल काय तर सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व यात काहीच फरक नाही. मला ती ट्रायल फार आवडते, कारण सगळ्यांना जे पटत होतं, स्वस्त होतं, ऐकायला गोड होतं, तेच चाललं नाही असं त्यांनी सरळ सांगितलं. पण मग पुढचा प्रश्न येतोच ना, का नाही चाललं? घरच्यांना वेळ नव्हता का, जागा नव्हती का, पडतील म्हणून भीती होती का, की व्यायामाचा डोसच कमी पडला? हे शोधायला माणसाला ट्रायलचे आकडे वाचता यायला हवेत आणि स्वयंपाकघरात बसून सुनेशी बोलताही यायला हवं. माझी पीएचडी ह्याच्यावर करायची होती.

तर एका विद्यापीठात (नाव नको) अर्ज केला, पेट म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा दिली, पास झाले, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा लिहिला, आणि आरआरसीसमोर उभी राहिले. पहिल्या सरांनी पानं उलटली आणि विचारलं, "यात फिजिओथेरपी कुठे आहे?" दुसरे म्हणाले, "हे तुम्ही सोशल वर्कला घेऊन जा." तिसऱ्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी मनापासून सल्ला दिला की एखादी टेक्निक घ्या, दोन ग्रुप करा, साठ पेशंट, सहा आठवडे, एक बॅलन्सचा स्केल आधी, तोच स्केल नंतर, वर्षात डेटा होईल आणि तुम्ही मोकळ्या. सोशल सायन्सच्या डिपार्टमेंटला गेले तर ते म्हणाले तुमची मास्टर्स आमच्या विषयातली नाही, एलिजिबिलिटीलाच अडकेल. म्हणजे प्रश्न चांगला आहे असं दोन्हीकडे म्हणाले, चहा पण पाजला, पण आमच्याकडे नको.

मॅडमनी सांगितलेली पीएचडी वाईट असते असं नाही. टेक्निक तपासायलाच हवीत, ते आमचंच काम आहे. पण मला कळत नाही की आमच्या क्षेत्रातल्या इतक्या थिसीसना तोच एक साचा का, आणि त्या साठ पेशंटमधे मधेच यायचं बंद झालेल्यांना "ड्रॉपआउट" म्हणून टेबलाखाली एका ओळीत का टाकतात. माझा सगळा विषयच त्या एका ओळीत आहे हो.

आता नियमांकडे येते, कारण प्रत्येक खिडकीवर "यूजीसीचे नियम आहेत" असं ऐकलंय, म्हणून घरी येऊन यूजीसीचे २०२२ चे पीएचडी रेग्युलेशन्स वाचून काढले. त्यात पार्ट-टाइम पीएचडीला चक्क परवानगी आहे. त्यात लिहिलंय की आंतरविद्याशाखीय काम असेल तर गरजेप्रमाणे को-गाईड डिपार्टमेंटच्या, कॉलेजच्या, अगदी विद्यापीठाच्या बाहेरचा नेमता येतो. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, त्यावर री-रजिस्ट्रेशन करून २, आणि बायकांना त्यावर आणखी २, म्हणजे तशी वेळ आली तर १० वर्षांपर्यंत दोर लांबवलेला आहे, शिवाय बाळंतपण आणि मुलांसाठी २४० दिवसांपर्यंत रजा. थिसीसआधी पेपर छापलाच पाहिजे ही जुनी सक्ती पण त्यातून काढली. दिल्लीत बसून कुणीतरी आमच्यासारख्या नोकरीवाल्यांचा विचार केलेला दिसतो. मग अडतं कुठे? अडतं ते फॉर्ममधल्या "विषय" नावाच्या एका रकान्यात, को-गाईडचं नाव आलं की "मानधन कोण देणार" ह्या प्रश्नात, आणि कोर्सवर्कच्या टाइमटेबलमधे, जे सोमवार ते शुक्रवार अकरा ते चार असतं, म्हणजे बरोब्बर ओपीडीच्या वेळेत. हे तिन्ही यूजीसीने सांगितलेलं नाही. हे तुम्ही ठरवलेलं आहे, म्हणजे तुम्हाला बदलताही येतं.

हॉस्पिटलवाल्यांनी एवढ्यात निवांत होऊ नये, आता तुमचा नंबर. पार्ट-टाइमला तुमची एनओसी, ना हरकत पत्र, लागते, आणि त्या एनओसीत काय असावं ते पण रेग्युलेशनमधे दिलंय: कर्मचाऱ्याला पार्ट-टाइम शिकायची परवानगी आहे, त्याच्या ड्यूटीत संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी त्याला ड्यूटीतून मोकळं केलं जाईल. पहिलं वाक्य एचआर आनंदाने टाइप करतं. दुसऱ्यावर जरा हसतं. तिसऱ्याला म्हणतं, हे काढा, मग सही देतो. माझ्या ओळखीतल्या एका सिस्टरनी नाइट ड्यूट्या मागून घेतल्या, का तर दिवसा कोर्सवर्कला बसता येईल, आणि त्या क्लासमधे शेवटच्या बाकावर रिसर्च मेथडॉलॉजी ऐकत ऐकत झोपायच्या. बायोस्टॅटिस्टिक्समधे आम्ही जागे असून झोपतो ते सोडा, पण ही काय पद्धत झाली? हॉस्पिटलच्या रिसेप्शनमागे "सेंटर फॉर रिसर्च अँड एक्सलन्स" असं ब्रासचं अक्षर लावायचं, आणि रिसर्च करणाऱ्या माणसाला आठवड्याचा अर्धा दिवस द्यायचा नाही.

"मग फुल-टाइम करा" असं सांगणारे भेटतात. करू की, पण हिशोब बघा. जेआरएफ ही सरकारी रिसर्च फेलोशिप महिना ३७,००० आहे, ती २०२३ पासून वाढली, चांगलं झालं. पण जेआरएफला वयाची अट ३०, बायकांना पाच वर्षं सवलत. आमच्या वेळी बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं, मग एमपीटीएच, म्हणजे मास्टर्स, दोन वर्षं, मग नोकरी, आणि प्रश्न पडण्याइतके पेशंट बघेपर्यंत ती तारीख गेलेली असते. बरं जेआरएफसाठी नेटची परीक्षा द्यायची तर त्या विषयांच्या यादीत फिजिओथेरपी नाही, नर्सिंग नाही, फार तर सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थमधून द्या. २०२१ मधे संसदेने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्यात पन्नासच्या वर व्यवसायांना नाव मिळालं, आम्ही पेढे वाटले, पण नावाबरोबर संशोधनाचा रस्ता मात्र आला नाही. ब्रिटनमधे एनआयएचआर म्हणून सरकारी संस्था आहे, ती नर्स, फिजिओ, स्पीच थेरपिस्ट यांच्यासाठी वेगळ्या डॉक्टरल फेलोशिप देते, त्यात माणसाचा आहे तो पगार मिळतो, फी मिळते, आणि पेशंट बघायचा वेळही त्यातच धरलेला असतो, कारण त्यांना ठाऊक आहे की पेशंट हातातून गेला की प्रश्नही हातातून जातो. ते श्रीमंत आहेत, मान्य. पण आपल्याकडेही जेएनयूचं सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थचं सेंटर आहे, तिथे डॉक्टर आणि समाजशास्त्रवाले एका वर्गात बसतात, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा ह्या मेडिकल इन्स्टिट्यूटमधे सार्वजनिक आरोग्याचं अच्युता मेनन सेंटर आहे, मुंबईत टिसमधे (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) हेल्थ सिस्टिम्सवर काम होतं. मग पुण्यातल्या माणसाने बॅग भरून तिकडे जायचं का? शाळेत जाणारी पोरं आणि सासूबाईंचं डायलिसिस इथे सोडून?

आणि पुण्याला हे कळत नाही असं म्हणायची सोयच नाही, कारण पुण्याने हे करून दाखवलंय. पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्या काय खातात, किती काम करतात, बाळ किती वजनाचं, मग ते बाळ मोठं होताना काय होतं. इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनचं ३.५ किलोचं, आणि तरी आपल्या बारीक बाळाच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त, ज्याला जगभर आता "थिन-फॅट" बाळ म्हणतात, आणि त्याच्यातून डायबेटिसकडे बघायची सगळी दिशाच बदलली. ते फक्त लॅबमधे बसून झालं नसतं, त्याला डॉक्टर लागले, आहाराची माणसं लागली, आकडेवाले लागले, आणि उन्हातान्हात वजनकाटा घेऊन घरोघरी फिरणाऱ्या बायका लागल्या. २०२० मधे कोविडच्या धामधुमीत इथल्याच विद्यापीठाने आणि आयसर ह्या विज्ञान संस्थेने मिळून पाच प्रभागांत रक्ताचे नमुने घेतले, त्यात ५१.५ टक्के लोकांमधे अँटिबॉडी सापडल्या, पण मला त्यातलं वेगळंच लक्षात राहिलं, की त्यांनी घराचा प्रकार आणि संडास सामायिक आहे की स्वतःचा हेही विचारलं होतं, आणि सामायिक संडासवाल्यांमधे प्रमाण जास्त निघालं. रक्त आणि संडास एकाच तक्त्यात! हे काम एखाद्या एकट्या पोरीने पीएचडीसाठी मांडलं असतं तर आरआरसीने विचारलं असतं, मॅडम, यात मायक्रोबायोलॉजी कुठे आहे?

सगळ्यात ताजं उदाहरण तर सिंहगड रोडचं. जानेवारी २०२५, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला ह्या पट्ट्यात लोकांना जुलाब झाले, आणि दोन-तीन आठवड्यांत काही जणांचे हातपाय लुळे पडायला लागले, गिलन-बारे सिंड्रोम, जीबीएस. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. बघता बघता संशयित पेशंट दोनशेच्या वर गेले, काही व्हेंटिलेटरवर, काही वाचले नाहीत. एनआयव्हीने, म्हणजे पुण्यातल्या विषाणू संस्थेने, शौचाचे नमुने तपासले, त्यात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय आणि नोरोव्हायरस सापडले. मग विहिरी तपासल्या, क्लोरीन तपासला, खासगी आरओ प्लांट सील झाले, आणि चर्चा सुरू झाली की यातली बरीच गावं २०२१ मधे महापालिकेत आली खरी, पण पाणी शुद्धीकरणाचं काय.

त्या पेशंटपैकी काही आमच्याकडे रिहॅबला आले. आम्ही सगळ्यात शेवटी असतो, आयसीयूचे कॅमेरे गेल्यावर, जेव्हा माणसाला खुर्चीतून उठायला शिकवायचं असतं, शर्टाचं बटण लावायला शिकवायचं असतं. आणि बटण लावता लावता पेशंट बोलतो, पाण्याला वास येत होता का, टँकर कुठला होता, कंपनीने किती दिवस पगार दिला, इंजेक्शनसाठी सोनं गहाण टाकलं का. विहिरीपासून बटणापर्यंतची ही सगळी गोष्ट एका माणसाच्या आयुष्यात आहे, पण पीएचडीत तिचे तुकडे होतात. न्यूरॉलॉजीवाला नर्व्ह कंडक्शनचा अभ्यास करेल, मायक्रोबायोलॉजीवाला जंतूचा, इंजिनिअरिंगवाला पाइपलाइनमधे शेवटच्या नळाला किती क्लोरीन उरतो त्याचा, आम्ही फिजिओ ग्रिप स्ट्रेंग्थचा. सगळे आपापल्या जागी बरोबर. पण गाव शहरात आलं आणि नळ आला नाही तर त्याची किंमत कुणाच्या हातापायातून वसूल होते, हा प्रश्न कुठल्या फॅकल्टीत रजिस्टर करायचा, सांगा ना. आरोग्याची विद्यापीठं म्हणतील पाणी आमच्याकडे नाही, पारंपरिक विद्यापीठं म्हणतील पेशंट आमच्याकडे नाही.

आणि अंतरं बघा हो पुण्यातली. ससून स्टेशनजवळ, केईएम रास्ता पेठेत, बीएमसीसी रोडला गोखले इन्स्टिट्यूट १९३० पासून अर्थशास्त्र करतेय, शिवाजीनगरला सीओईपी, आधी इंजिनिअरिंगचं कॉलेज आणि आता विद्यापीठ, पाषाणला आयसर आणि एनसीएल ही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, भोसरीत एड्सवर काम करणारी आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था. नशीब असेल आणि युनिव्हर्सिटी चौकात अडकलो नाही तर भोसरी सोडून सगळं एका सकाळी फिरून होईल. एवढं जवळ असून ह्यातल्या दोन ठिकाणचे दोन गाईड एका विद्यार्थ्यामागे उभे करायला आपल्याला जमत नाही, दोन संस्थांमधला करार, एमओयू, करायचा म्हटलं की दोन वर्षं, मग फोटो, शाल-श्रीफळ, आणि फाईल बंद.

विरोधी बाजूही मला माहितीये, ती तुमच्याइतकीच आमच्या स्टाफ रूममधेही ऐकू येते. असल्या पीएचडीत माणूस ना इकडचा राहतो ना तिकडचा, थोडं सोशियोलॉजी, थोडं स्टॅटिस्टिक्स, चार मुलाखती आणि एक प्रश्नावली, झाली पीएचडी. ही भीती खरी आहे. मी वाचलेत असे थिसीस, की ज्यात "गुणात्मक संशोधन" म्हणजे वीस जणांना तेच तेच विचारून त्यांची वाक्यं अवतरणचिन्हात टाकलेली, आणि प्रत्येक वाक्यानंतर "यावरून असे दिसून येते की". म्हणून मला सवलत नकोय, उलट जास्त कडक परीक्षा हवीये. मुलाखती घेणार असेन तर त्या कशा घ्यायच्या आणि त्यांचं विश्लेषण कसं करायचं हे मानववंशशास्त्राच्या माणसाने माझ्याकडून रडवून करून घ्यावं, खर्चाचा हिशोब मांडणार असेन तर अर्थशास्त्रवाल्याने तो फाडावा, तोल मोजणार असेन तर माझ्याच विषयातल्या सरांनी माझी मापं तपासावीत. एकाच विषयाच्या परीक्षकांऐवजी तीन विषयांचे द्या. पण तिघांनी मिळून एक प्रश्न बघावा, प्रत्येकाने आपापला तुकडा घेऊन घरी जाऊ नये.

आणि हो, आमच्या लोकांनाही थोडं ऐकवते, नाहीतर म्हणाल सगळं आमच्याच डोक्यावर. आपल्यातले बरेच जण पीएचडी प्रमोशनसाठी करतात, कॉलेजला नॅकसाठी, म्हणजे ग्रेड मिळवण्यासाठी, आकडा हवा असतो म्हणून करतात, आणि मग विषय शोधताना पहिला प्रश्न "काय सोपं जाईल" हा असतो. गाईडला पण तेच सोयीचं, कारण प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार एवढेच विद्यार्थी घेता येतात, मग जागा अडवून बसणारा किचकट विषय कोण घेणार. त्यामुळे आरआरसीतल्या सरांना पण मी पूर्ण दोष देत नाही, त्यांच्यासमोर दिवसाला पंधरा-वीस सिनॉप्सिस येतात, त्यातल्या निम्म्यांना स्वतःला काय शोधायचंय ते माहिती नसतं.

तर मागणं काय आहे ते स्पष्ट सांगते. फॉर्मवर विषयाच्या रकान्यात दोन विषय लिहायची सोय करा, आणि दोन गाईड बरोबरीचे धरा, म्हणजे दुसऱ्याचं नाव फक्त आभारात यायला नको. असे अर्ज आले की त्या दिवशी आरआरसीत बाहेरच्या विषयाचा किमान एक माणूस बोलवा, आणि त्याला बोलू द्या. कोर्सवर्क शनिवार-रविवार किंवा दर महिन्याला चार दिवस सलग असं करा, आणि त्यात एपिडेमिऑलॉजी, मुलाखतींचं शास्त्र, आरोग्याचं अर्थशास्त्र आणि एथिक्स हे खरंखुरं शिकवा, शिकवणारे ह्याच गावात आहेत. मास्टर्स दुसऱ्या विषयातली आहे म्हणून दारातून परत पाठवू नका, हवं तर जास्तीचे चार क्रेडिट करायला लावा, आम्ही करू. एथिक्स कमिटीचंही बघा, हॉस्पिटलची कमिटी म्हणते घरी जाऊन मुलाखत हे आमच्या हद्दीत नाही, विद्यापीठाची म्हणते पेशंट आला म्हणजे हॉस्पिटलची घ्या, आणि मधल्या मधे सहा महिने जातात. जिथे अनेक ठिकाणी मिळून काम चालतं तिथे एकाच कमिटीकडून परीक्षण करायची वाट आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, ती वापरून बघा.

हॉस्पिटलवाल्यांना एकच. एनओसीतलं ते तिसरं वाक्य राहू द्या, आणि आठवड्याचा एक दिवस लेखी द्या. तोंडी नको, तोंडी दिलेला दिवस पहिल्या कॅम्पला जातो. त्या बदल्यात आमच्याकडून मागा ना, की जे सापडेल ते आधी आमच्याच वॉर्डात लावून दाखवा. मला सापडलं की ओपीडीतल्या पायऱ्यांना एका बाजूचा कठडा काढून सराव घेतल्याने घरी पडणं कमी होतं, तर त्याला खर्च किती, सुताराचा अर्धा दिवस. आणि सापडलं की काही उपयोग होत नाही, तर तेही कळलेलं बरं.

माझा सिनॉप्सिस तयार आहे. दोन गाईड आहेत, एक फिजिओथेरपीतल्या, एक अर्थशास्त्रातले, दोघंही पुण्यातच राहतात, दोघांनी तोंडी हो म्हटलंय, दोघांच्या विद्यापीठांनी अजून नाही. पुढची पेटची जाहिरात निघायच्या आत वरच्यातलं निदान फॉर्मचं आणि टाइमटेबलचं काय करताय ते वेबसाइटवर टाका, म्हणजे अर्ज कुठे करायचा ते मला आणि माझ्यासारख्या बाकीच्यांना ठरवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, पुणे

ता.क. आरआरसीतल्या ज्या सरांनी "यात फिजिओथेरपी कुठे आहे" विचारलं होतं, त्यांना काकांचा जिना दाखवायला मी कधीही येईन. फक्त चपला खाली काढून ठेवा आणि उतरताना दोर डाव्या हाताने धरा.